हाताने फोन जोडण्याच्या काळातील सूचना: ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल जोडण्याच्या फलकावर, नव्याने बसणाऱ्या ऑपरेटरसाठी

मुंबईत 1882 साली टेलिफोन एक्स्चेंज सुरू झाले तेव्हापासून या कामात कानाची परीक्षा आधी आणि हाताची नंतर होते, म्हणून हेडसेट नीट बसल्याशिवाय बोर्डाला हात लावू नये. कॉल आल्याचा दिवा लागला की मागच्या ओळीतील कॉर्डने उत्तर द्यावे आणि त्याच जोडीतील पुढची कॉर्ड पलीकडच्या लाइनसाठी वापरावी. मात्र प्लग आत घालण्यापूर्वी त्याचे टोक जॅकच्या, म्हणजे त्या लाइनच्या छिद्राच्या, कडेला हलकेच टेकवावे, कारण कानात ‘कट्’ असा आवाज आला तर ती लाइन दुसऱ्या ऑपरेटरने आधीच घेतलेली असते. प्लग काढताना प्लगच धरावा, दोरी ओढू नये. आतली तार तुटली की खरखर सुरू होते आणि बोलणी आपल्याला खावी लागतात.

मागितलेल्या नंबराचे आकडे एकेक करून परत म्हणून दाखवावेत, कारण काळबादेवीचा व्यापारी घाईत ‘एकोणसाठ’ म्हणाला की ‘एकोणसत्तर’ असे तिकिटावर, म्हणजे कॉलच्या नोंदीच्या चिठ्ठीवर, सहज उतरते.

तिकिटावरची वेळ हा तर भांडणाचा खरा विषय. पी. पी. कॉलमध्ये, म्हणजे ठरावीक व्यक्तीसाठीच मागितलेल्या कॉलमध्ये, पलीकडे कोणीतरी फोन उचलला म्हणून मिनिटे मोजू नयेत. मागितलेली व्यक्तीच बोलू लागली की मोजणी सुरू करावी. तीन मिनिटे झाल्याचे सांगण्यापुरतेच मध्ये यावे आणि लगेच आपली बोलण्याची कळ (की) पूर्ववत करावी. कॉर्डच्या जोडीचे दोन्ही दिवे लागले, म्हणजे दोन्हीकडे फोन ठेवला गेला, तरच कॉर्ड काढावी; एकच लागला असेल तर आधी विचारून घ्यावे.