पाच बाळंतपणांमुळे आईच्या अंगातली ताकद गेली का?

तुमच्या आई ६८ वर्षांच्या. पाच बाळंतपणं, पहिलं सोळाव्या वर्षी. आता जमिनीवरून उठताना आधार लागतो, आणि 'बाळंतपणांनीच खाल्लं मला' असं त्या म्हणतात, असं तुम्ही लिहिलंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे; माझ्याकडच्या कितीतरी आज्या हेच म्हणतात.

संबंध आहे, पण मी पाचच्या आधी सोळाकडे बघेन. ईशान्य ब्राझीलमधल्या मध्यमवयीन बायकांच्या अभ्यासात लहान वयातलं पहिलं मूल आणि जास्त बाळंतपणं, दोन्हींचा कमी शारीरिक क्षमतेशी संबंध दिसला. मात्र इतक्या लवकर आई होणाऱ्या मुलीची शाळा सुटलेली असते, ताटात शेवटचं उरलेलं येतं आणि शेतातले कष्ट सुटत नाहीत. सगळा दोष बाळंतपणाच्या माथी मारणं मला पटत नाही. अंगावर पाजताना हाडांतलं साधारण ३ ते ५ टक्के खनिज उतरतं, पण दूध तोडल्यावर ते बहुतेक भरून येतं. दोन मुलांत अंतर नसेल, तर भरून यायला वेळ कमी पडू शकतो.

एक गोष्ट मात्र जरूर विचारा: अंग (गर्भाशय) बाहेर येतं का, खोकताना लघवी सुटते का? बाळंतपणात ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडतात. मग बाई लाजेपोटी चालणं, बाहेर पडणं कमी करते आणि पायांतली ताकद त्या बसून राहण्याने जाते. मुलाला त्या हे सांगणार नाहीत. लेकीला किंवा सुनेला विचारू द्या. डॉ. राणी बंग यांच्या १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग आढळले होते, आणि बहुतेकींची त्याआधी कधी तपासणीच झाली नव्हती. अंग बाहेर येणं, लघवी सुटणं यांवर व्यायाम आहेत, पेसरी (आधारासाठी योनीत बसवायची कडी) आहे, शस्त्रक्रियाही आहे.

घरी एवढं करून बघा. हात छातीवर बांधून खुर्चीतून पाच वेळा उठबस करायला १२ सेकंद किंवा जास्त लागले, तर ताकद कमी आहे असं धरा. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व तपासून घ्या, जेवणात डाळ, दही, अंडं वाढवा. वय झालं म्हणून सोडून देऊ नका: १९९० साली अमेरिकेत नव्वदीच्या आसपासच्या माणसांनी आठ आठवडे वजनाचे व्यायाम केले आणि त्यांच्या पायांची ताकद दुपटीहून जास्त वाढली. खुर्चीतून उठबस करण्याच्या व्यायामाची सुरुवात उंच खुर्चीवरून, खुर्ची भिंतीला टेकवून, जवळ कुणीतरी उभं राहून करा. गुडघा सुजलेला असेल तर आधी डॉक्टरांना दाखवा.