लहानपणी ऐकलेली परदेशातली कोणती बातमी अजून आठवते?

कुवेतची. 2 ऑगस्ट 1990, गुरुवार. इराकी फौजा कुवेतमध्ये घुसल्या तेव्हा मी पाचवीत होतो, लालबागच्या चाळीत. नकाशात कुवेत कुठे ते सांगता आलं नसतं, पण तिथून काय काय येतं ते पाठ होतं: टँग, निडोचा डबा, डबल कॅसेटचा टेप. शेजारचे काका तिथे फोरमन होते ना!

काकूंचा फोन काही लागेना, पत्रंही बंद. संध्याकाळच्या मराठी बातम्या सुरू झाल्या की त्या कुकर बंद करून आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. बाबा आवाज वाढवायचे, आणि सद्दामचं नाव निघालं की आजी त्याला अस्सल मालवणी शिव्या घालायची.

काका सप्टेंबरात आले. बसने बगदादमार्गे जॉर्डनच्या अम्मानला, तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. असे सुमारे 1,70,000 भारतीय परत आणले गेले. हातात एकच बॅग, खिशात कुवेती दिनार, आणि ते कुणी बदलून देईना.

11 सप्टेंबर 2001 जगासाठी मोठी बातमी, मान्य. पण ती मी नुसती टीव्हीवर पाहिली.