हलक्या लॅपटॉपवर पीडीएफ

प्रश्न : मी आमच्या गृहनिर्माण संस्थेची सचिव आहे. माझा लॅपटॉप वजनाला हलका, विंडोजवर चालणारा आणि ४ जीबी रॅमचा आहे. जुन्या सभांच्या हस्तलिखित इतिवृत्तांची स्कॅन केलेली दोनशे पानी पीडीएफ उघडली, की तो अडखळू लागतो. शिवाय वार्षिक सभेच्या सूचनेतील तारीख पीडीएफमध्येच १२ ची १७ करायला गेले, तेव्हा जोडाक्षरे फुटली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांवर गेल्या. नवा लॅपटॉप किंवा महागडे सॉफ्टवेअर घ्यावे लागेल का?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : दोन्हींपैकी काहीही घेऊ नका, तुमची अडचण यंत्रापेक्षा फाइलच्या घडणीत आहे.

ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयवर (म्हणजे दर इंचाला ३०० बिंदू) रंगीत स्कॅन केले, की त्याचे २४८० बाय ३५०८ बिंदूंचे चित्र तयार होते. डिस्कवर ते दाबून साठवलेले असल्यामुळे फाइल लहान दिसते, परंतु पूर्ण आकारात उलगडताना त्या एका पानाला सुमारे २६ एमबी मेमरी लागू शकते. सुमात्रा पीडीएफ हे पीडीएफ वाचण्याचे मोफत आणि आटोपशीर सॉफ्टवेअर वापरून पाहा व त्या वेळी ब्राउझर बंद ठेवा. पीडीएफ अरेंजर या मोफत साधनाने फाइलचे वर्षवार तुकडेही करता येतील. पुढचे स्कॅन रंगीत न करता करड्या छटांत केले, तर मेमरीचा भार एक तृतीयांशावर येईल आणि शाईचे अक्षर तितकेच स्वच्छ वाचता येईल.

आता तारखेविषयी. अडोबीने १९९३ मध्ये पीडीएफ आणले, ते दस्तऐवज कोणत्याही यंत्रावर सारखाच दिसावा म्हणून. त्यामुळे या फाइलमध्ये मुख्यतः कोणता आकार पानावर कोठे उमटवायचा याची नोंद असते. ‘दिनांक’ हा शब्द टंकताना आपण आधी ‘द’ आणि मग वेलांटी देतो, पण कागदावर वेलांटी ‘द’च्या डावीकडे उमटते, आकारांवरून मूळ अक्षरक्रम परत जुळवताना संपादन करणारे सॉफ्टवेअर मराठीत हमखास चुकते. त्यात बहुतेक वेळा फॉन्टमधील वापरलेलीच अक्षरे फाइलमध्ये भरलेली असतात. मूळ सूचनेत ‘७’ कोठेच नसेल, तर नव्या तारखेसाठी तो आकार फाइलमध्ये सापडणारच नाही आणि दुसऱ्याच वळणाचा ‘७’ तेथे येऊन बसेल.

म्हणून वर्ड किंवा लिबरऑफिसमधील मूळ फाइल उघडावी, तारीख तेथे बदलावी आणि पुन्हा पीडीएफ करावी. मूळ फाइल हरवली असल्यास एका पानाची सूचना नव्याने टंकणे हेच, माझ्या मते, कमी त्रासाचे आहे. केवळ खुणा करायच्या असतील किंवा सहीचे चित्र लावायचे असेल, तर फायरफॉक्स ब्राउझरमध्येच पीडीएफ उघडून ते काम होते.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. सभासदांचे आधार किंवा दूरध्वनी क्रमांक झाकण्यासाठी त्यांवर काळी चौकट काढली, तरी चौकटीखालचा मजकूर बहुधा तसाच राहतो आणि तो निवडून कॉपी करता येतो. असे क्रमांक मूळ फाइलमधूनच काढावेत. स्कॅन असेल तर ते कागदाच्या छायाप्रतीवर शाईने पूर्ण खोडून पान पुन्हा स्कॅन करावे. याच कारणासाठी सभासदांची कागदपत्रे फुकट पीडीएफ दुरुस्त करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळांवर चढवू नयेत. ती माहिती लोकांनी संस्थेच्या विश्वासावर दिलेली असते.

छापील मराठी पानांचा मजकूर हवा असेल, तर गुगल ड्राइव्हवरील पीडीएफ गुगल डॉक्समध्ये उघडल्यास तो बऱ्यापैकी ओळखला जातो. हस्ताक्षरावर मात्र त्याचा भरवसा धरता येत नाही. त्यामुळे इतिवृत्तांच्या तुकड्यांना सभेची तारीख आणि विषय यांवरून नावे द्यावीत, म्हणजे हवा तो ठराव फाइल न उघडताही शोधता येईल.