व्हिटॅमिन डी वाढविण्यासाठी पुडी चांगली की इंजेक्शन?

आपल्या आईचे व्हिटॅमिन डी ११ आले आहे, डॉक्टरांनी आठवड्याला एक याप्रमाणे ६०,००० युनिटच्या आठ पुड्या लिहून दिल्या आहेत आणि नातेवाईक मात्र इंजेक्शनाशिवाय गुण येत नाही असे सांगत आहेत, असा आपला प्रश्न आहे. पुड्याच द्याव्यात. हे इतक्या ठामपणे लिहिण्याचे कारण असे की आपल्या नातेवाइकांसारखेच एक गृहस्थ आमच्या घरातही आहेत आणि ते माझे सख्खे थोरले बंधू आहेत.

आमचे गाव अमळनेर तालुक्यात. चार वर्षांपूर्वी आईला जमिनीवरून उठताना हात टेकावा लागू लागला आणि ओटा चढताना मांड्या भरून येऊ लागल्या. तपासणीत आकडा ९ आला. २० च्या खाली म्हणजे कमतरता, त्यामुळे शंकेला जागा नव्हती. परंतु आईला ते पटेना. "इतलं ऊन पडस आपला गावमा, मंग माले पुड्या कसाले?" हा तिचा प्रश्न. प्रश्न रास्त होता, पण ज्या अकरा ते तीनच्या उन्हात त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होते, त्याच वेळेत खान्देशात उन्हाळ्यात कोणी दाराबाहेर पाय ठेवत नाही. कापूस वेचण्यात तिचा जन्म गेला असला तरी डोक्यावर पदर, त्यावर रुमाल आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा असे, आणि गेली दहा वर्षे तर ती घरातच होती. सावळ्या त्वचेला ऊनही अधिक वेळ लागते.

शेवटी तिने आठवड्याला एक पुडी सुरू केली, पण आठ आठवड्यांनंतर आकडा जेमतेम १४ झाला. दादांना तेवढेच हवे होते. पुडी म्हणजे पिठीसाखर, औषध रक्तात जायचे तर सुईनेच गेले पाहिजे, असे त्यांनी सर्वांसमक्ष सुनावले. मी खोलात गेलो तेव्हा कळले की पुडी विसरू नये म्हणून आईने ती सोमवारच्या उपवासाला बांधली होती आणि सकाळी उपाशीपोटी नुसत्या पाण्यातून घेत होती; शिवाय दोन पुड्या देवघराच्या खणात तशाच पडल्या होत्या. हे जीवनसत्त्व स्निग्ध पदार्थात विरघळणारे आहे, त्यामुळे तूप-तेलाच्या जेवणासोबत ते अधिक चांगले शोषले जाते, ही गोष्ट तिला आधी सांगायला हवी होती आणि ती मीच सांगितली नव्हती. डॉक्टरांनी पुन्हा आठ पुड्या दिल्या. त्या आम्ही बाजाराच्या दिवशी दुपारी दिल्या, कारण त्या दिवशी आमच्याकडे वरण-बट्टी होते आणि बट्टी तुपात बुडविल्याशिवाय आई खात नाही. तीन महिन्यांनी आकडा ३८ आला. पुडी तीच होती.

दरम्यान दादांनी स्वतःची तपासणी न करताच ६,००,००० युनिटचे इंजेक्शन घेतले. ते तेलातले असते आणि स्नायूतून सावकाश उतरते, म्हणून महिनाभरात फरक जाणवेना, तेव्हा दुसरे घेतले, आणि वर औषधाच्या दुकानातून पुड्याही आणल्या. ज्यांनी सुई टोचली त्यांनीही रक्त तपासायला सांगितले नाही. वैशाखात त्यांना मळमळ, बद्धकोष्ठ आणि न भागणारी तहान सुरू झाली. सर्वांनी ऊन लागले असे मानून कैरीचे पन्हे पाजले. जळगावला नेल्यावर व्हिटॅमिन डी १६० च्या वर आणि रक्तातील कॅल्शियम १२.४, म्हणजे दोन्ही प्रमाणाबाहेर निघाले, आणि चार दिवस सलाइनवर काढावे लागले. आजही ते उन्हाचाच त्रास होता असे म्हणतात. ऑस्ट्रेलियात सत्तरी गाठलेल्या स्त्रियांना वर्षातून एकदाच ५,००,००० युनिट तोंडाने देऊन पाहिले, तेव्हा त्यांचे पडणे आणि हाडे मोडणे कमी होण्याऐवजी वाढले, हे २०१० सालीच प्रसिद्ध झाले आहे. सुई नसली तरी एकदम मोठा डोस म्हणजे अधिक गुण हा हिशेब चुकतो, एवढे त्यांनी मान्य करायला हरकत नव्हती.

आता प्रकारांविषयी. पुडी, तेलातील मऊ कॅप्सूल आणि थेंब या तिन्हींत बहुधा डी-३ हा या जीवनसत्त्वाचा प्रकार असतो, त्यामुळे नियमितपणा जपला तर यांपैकी काहीही चालते. डी-२ हा दुसरा प्रकार मात्र रक्तात तितका टिकत नाही. डी-३ साधारणपणे मेंढीच्या लोकरीतील मेणापासून काढतात. आई माळकरी असल्याने मी तिला हे सांगितले, तेव्हा लोकर कापल्याने मेंढी मरत नाही असे म्हणून तिने पुडी घेतली, परंतु कॅप्सूलचे आवरण बहुतेक वेळा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांचे असते, म्हणून ती नाकारली. दुकानदार कॅल्शियमसोबत कॅल्सिट्रिऑलची गोळी पुडीऐवजी देऊ लागला तर घेऊ नये. ते जीवनसत्त्वाचे अंतिम, सक्रिय रूप असून मुख्यतः मूत्रपिंडाच्या रुग्णांसाठी असते आणि त्याने शरीरातील साठा भरत नाही.

आतड्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा अन्नच शोषले जात नसेल, तर इंजेक्शनाला जागा आहे, हे मलाही मान्य आहे. आपल्या आईला मुतखडा, मूत्रपिंडाचा विकार किंवा क्षयरोग असेल तर पुडी सुरू करण्यापूर्वीच डॉक्टरांना तसे सांगावे. आठ पुड्या संपल्यावर नववी मनाने आणू नये. पुढे महिन्याला एक की रोज थोडे, हे डॉक्टरांना विचारावे आणि पहिल्या पुडीपासून तीन महिन्यांनी रक्त पुन्हा तपासावे. त्याआधी तपासल्यास आकडा स्थिरावलेला नसतो, आणि तो अपुरा आकडा हाती लागला की आपले नातेवाईक पुन्हा सुईचा विषय काढतील.