साल सांग, सही सांग

प्रिय विद्यार्थिनीस,

सप्रेम आशीर्वाद.

ट्रम्प आणि हिटलर यांची तुलना करणाऱ्या तुझ्या निबंधावर मार्गदर्शकांनी 'अतिशयोक्ती' असा शेरा मारला, आणि मैत्रिणी म्हणतात की हिटलरचे नाव गाळलेस तर तू भित्री. या कात्रीत तू सापडली आहेस. दोघांचेही बाजूला ठेव. तुलना करायची तर साल सांग, आणि त्या साली कोणाच्या सहीने काय घडले ते सांग.

'ट्रम्प म्हणजे हिटलर' असे लिहितेस, पण कोणता हिटलर? उठाव फसलेला 1923 चा, की राइशस्टागच्या, म्हणजे जर्मन संसदभवनाच्या, आगीनंतर दुसऱ्याच दिवशी वटहुकूम काढवून नागरी स्वातंत्र्य गुंडाळणारा 1933 चा? 6 जानेवारी 2021 रोजी ट्रम्पसमर्थकांनी कॅपिटॉलवर, म्हणजे अमेरिकी संसदभवनावर, केलेल्या हल्ल्याशी 1923 चा तो म्युनिकचा उठाव ताडताना सगळे दंगल जुळवत बसतात. तू शिक्षा जुळवून पाहा. हिटलरला पाच वर्षे ठोठावली गेली, तरी डिसेंबर 1924 मध्ये तो बाहेर होता, कारण न्यायाधीशांचाच कल त्याच्याकडे होता. वॉशिंग्टनमध्ये मात्र न्यायालयांनी शेकडो जणांना दोषी ठरवले, आणि 20 जानेवारी 2025 रोजी सत्तेवर परतलेल्या राष्ट्राध्यक्षांनी सुमारे 1,500 जणांना एका सहीने माफी दिली. तिथे कच न्यायासनाने खाल्ली, इथे न्यायासनाचे काम वरून पुसले गेले. एवढे लिहिलेस की मार्गदर्शकांचा शेरा गळून पडेल.

आणि दर वेळी जर्मनीच कशाला? 20 फेब्रुवारी 1939 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये अमेरिकी नाझींची सभा भरली, सुमारे वीस हजारांची, तेव्हा मंचामागे जॉर्ज वॉशिंग्टनचे अवाढव्य चित्र होते आणि त्याच्या दोन्ही बाजूंना स्वस्तिके. घरचा दाखला हाताशी असताना बर्लिनला धावायचे कारण मला तरी कळत नाही.

मला आयुष्यभर 'कीस पाडणारा' म्हणून हिणवले गेले. चर्चा रंगात आली की मी तारीख विचारायचो. त्यापायी काही मित्र दुरावले, याची खंत आहे, पण खोड सोडणार नाही. आणीबाणीनंतर आमची पिढी नळाला पाणी आले नाही तरी 'हिटलरशाही' म्हणू लागली, ते मी ऐकले आहे.

नव्या मसुद्यासाठी अमेरिकेचा 1798 चा परकीय शत्रूंविषयीचा कायदा घे. दुसऱ्या महायुद्धात तो जपानी, जर्मन आणि इटालियन नागरिकांवर चालवला गेला, तेव्हा युद्ध पुकारलेले होते. मार्च 2025 मध्ये तोच व्हेनेझुएलाच्या नागरिकांवर लावला, तेव्हा कोणतेही युद्ध पुकारलेले नव्हते. तो लागू करणाऱ्या दोन्ही वेळच्या घोषणा शेजारी ठेवून वाच, सह्यांसकट, आणि पहिल्या पानावर विशेषण दिसले तर मसुदा पाठवू नकोस.