पाण्याचा टँकर आणि टँकरचं पाणी: तुमचे इंग्रजीचे प्रश्न

ह्या वेळी टपालात आणि व्हॉट्सअ‍ॅपवर कंपाउंड नाऊनचेच प्रश्न जास्त आलेत. दोन-तीन शब्द एकमेकाला चिकटून एकच नाम होतं ते, बस स्टॉप, टूथब्रश, मदर-इन-लॉ वगैरे. म्हटलं मग सगळा कॉलमच त्याला देऊन टाकू.

प्रश्न: सर, मी बारावीला आहे. दुष्काळावरच्या निबंधात मी 'द टँकर वॉटर स्टुड निअर द स्कूल' असं लिहिलं तर मॅडमनी लाल गोल केला. वॉटर टँकर म्हणा नाहीतर टँकर वॉटर, दोन्ही शब्द तेच तर आहेत, मग चुकलं काय? (विद्यार्थिनी, औसा)

पोरी, तुझ्या वाक्याचा अर्थ शाळेजवळ पाणी साचलं असा झाला, आणि दुष्काळाच्या निबंधात पाणी साचलं तर मॅडम गोल करणारच की.

कंपाउंड नाऊनमधे शेवटचा शब्द म्हणजे खरी वस्तू, आणि त्याच्या आधीचा शब्द ती वस्तू कोणती, कशाची, कशासाठी एवढंच सांगतो. 'वॉटर टँकर' म्हणलं की शेवटी टँकर, म्हणजे चार-सहा चाकं, मागं नळी आणि भोवती घागरी घेऊन उभ्या बाया. 'टँकर वॉटर' म्हणलं की शेवटी पाणी, जे घागरीत आलं आणि जरा मचूळ लागतं. एप्रिल 2016 मधे मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा इंग्रजी पेपरात 'वॉटर ट्रेन' छापून यायचं, कारण बातमी रेल्वेची होती, आणि त्याच रेल्वेचं पाणी कुठल्या भागाला किती मिळालं असं लिहायचं झालं तर मात्र 'ट्रेन वॉटर' म्हणावं लागलं असतं. तसंच 'हॉर्स रेस' ही शर्यत आणि 'रेस हॉर्स' हा घोडा, पहिली बघायला जायची, दुसऱ्याला चारा घालायचा.

आणि हे काही इंग्रजीचं नवीन नाही गं, मराठीतला तत्पुरुष समास आठव, तुला दहावीला होता. गायरान म्हणजे रानच, गाय नाही. देवघर हे घर, म्हणजे घरातली जागा, देव नाही. समास ज्याला जमला त्याला कंपाउंड नाऊन निम्मं तिथंच जमलं, पण आपल्याकडं मराठीचा तास वेगळा आणि इंग्रजीचा तास वेगळा, एकाची गोष्ट दुसऱ्यात कुणी काढतच नाही.

अजून एक जाता जाता, 'टी कप' म्हणजे चहाचा कप, तो रिकामा पण असू शकतो, आणि 'कप ऑफ टी' म्हणजे कपभर चहा. पाहुण्याला 'विल यू हॅव अ टी कप' विचारलंस तर तो बिचारा कपबशीच घेऊन जायची की काय म्हणून बघत बसेल.

काही शब्द मात्र ह्या नियमाला हात लावू देत नाहीत. 'पिकपॉकेट' म्हणजे खिसा नाही, खिसा मारणारा माणूस. 'स्केअरक्रो' म्हणजे कावळा नाही, कावळ्याला भेव दाखवणारं, आपल्या ज्वारीतलं बुजगावणं. हे आपल्या बहुव्रीहीसारखे, नीलकंठ म्हणजे कंठ नाही, ज्याचा कंठ निळा तो. असे शब्द थोडेच आहेत, पाठ करून टाक.

प्रश्न: विम्याच्या कागदावर 'क्रॉप इन्शुरन्स क्लेम फॉर्म' असं लिहिलेलं असतं. चार शब्द एकापाठी एक, मधे ऑफ नाही फॉर नाही. आम्ही शेतकऱ्यांनी हे वाचायचं कसं? (वाचक, सेलू)

भाऊ, उलटं वाचा. शेवटून सुरू करा. फॉर्म. कशाचा फॉर्म? क्लेमचा. कसला क्लेम? इन्शुरन्सचा. कशाचा इन्शुरन्स? पिकाचा. आणि आता मराठीत म्हणून बघा, पीक विमा दावा अर्ज. हाच क्रम, हेच चार शब्द, मधे एक पण प्रत्यय नाही. जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, कृषी उत्पन्न बाजार समिती, हे आपण रोज न अडखळता वाचतो, मग इंग्रजीतच घाबरायचं काऊन?

ऑफ आणि फॉर गाळून नामामागं नाम लावायची सवय सरकारी कागदाला आणि पेपरच्या हेडिंगला जास्त, कारण जागा वाचते. वाचणाऱ्याचा दम लागतो ते वेगळं. तुम्ही स्वतः अर्ज लिहाल तेव्हा तीनच्या वर नामं एका ओळीत नका लावू, मधे एखादा फॉर घाला, साहेबाला पण बरं वाटंल.

त्यातच अनेकवचनाचं पण सांगून टाकतो, कारण तिथं हमखास गडबड होते. फॉर्म दहा असले तर एस फक्त शेवटच्या शब्दाला, क्रॉप इन्शुरन्स क्लेम फॉर्म्स. आधीचे शब्द एकवचनीच राहतात, त्या वस्तू कितीही असू द्या. दुकानात शंभर जोड बूट असले तरी ते 'शू शॉप', तोंडात बत्तीस दात असले तरी 'टूथब्रश', 'टीथब्रश' कुणी म्हणत नाही. तुमचं रान पाच एकर असलं तर 'फाइव्ह-एकर फील्ड', तिथं 'एकर्स' नाही. पण वाक्य फिरवून 'माय फील्ड इज फाइव्ह एकर्स' म्हणलं की एस परत येतो, कारण आता तो शब्द जोडलेला राहिला नाही, सुटा झाला. ह्याला अपवाद तुमच्या खिशातच आहे, बँकेचं पासबुक काढून बघा, 'सेव्हिंग्ज अकाउंट'. स्पोर्ट्स शूज, क्लोद्स शॉप हे पण तसलेच.

प्रश्न: मी इंग्रजी शिकवते. जोडून लिहायचं, सुटं लिहायचं का मधे हायफन द्यायचा ह्याचा एकच पक्का नियम लेकरांना कसा सांगू? (शिक्षिका, उदगीर)

ताई, नसलेला नियम कसा सांगणार? बेडरूम जोडून, लिव्हिंग रूम सुटं, का म्हणून विचारलं तर इंग्रजाकडं पण उत्तर नाही. साधारण चाल अशी असते की दोन शब्द नवीन नवीन एकत्र आले की सुटे लिहितात, वापर वाढला की कधी मधे हायफन येतो, आणि अगदी रुळले की एक होऊन जातात. ई-मेलचा ईमेल आपल्या डोळ्यासमोर झाला, अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसनं 2011 मधे आपल्या लेखनाच्या नियमात त्यातला हायफन काढला. त्याच्या आधी 2007 मधे शॉर्टर ऑक्सफर्ड डिक्शनरीच्या सहाव्या आवृत्तीत तर जवळपास 16,000 शब्दांचे हायफन उडवले. 'आइस-क्रीम'चे तिथं दोन सुटे शब्द झाले आणि 'बंबल-बी'चा एकच जोडशब्द झाला, म्हणजे हायफन काढून पण दोघांची वाट वेगवेगळीच. त्यामुळं लेकराचा हायफन चुकला म्हणून मार्क कापायच्या आधी तुम्ही स्वतः डिक्शनरी उघडा, आणि एका वहीत एकच पद्धत ठेवली असली तर सोडून द्या.

एक गोष्ट मात्र पक्की शिकवता येते आणि ती आता सगळ्यांनाच लागते, कारण स्कॉलरशिपपासून सीईटीपर्यंत सगळे फॉर्म ऑनलाइन झालेत. क्रियापद असलं की सुटं, नाम असलं की जोडून. 'प्लीज लॉग इन' इथं लॉग आणि इन वेगळे, कारण काम करायला सांगितलंय. 'युवर लॉगिन' इथं एक शब्द, कारण ती आता वस्तू झाली. ड्रॉप आउट आणि ड्रॉपआउट, सेट अप आणि सेटअप, सगळ्यांचं हेच.

प्रश्न: ग्रीनहाऊस आणि ग्रीन हाऊस बोलताना सारखंच ऐकू येतं. समोरच्याला कळणार कसं? (स्पोकन इंग्लिश शिकणारा, जालना)

सारखं नाही, जोर कुठं दिलाय ते ऐका. 'ग्रीन'वर जोर देऊन एका दमात म्हणलं तर ते शेतातलं, रोपं वाढवायचं, आपल्याकडं ज्याला पॉलिहाऊस म्हणतात तसलं. 'हाऊस'वर पण तेवढाच जोर दिला तर नुसता हिरवा रंग दिलेलं घर. फळ्याचं पण तसंच, ब्लॅकवर जोर दिलेला ब्लॅकबोर्ड हिरवा असला तरी चालतो, आणि कितीतरी शाळांत तो हिरवाच असतो. सगळ्यात मजा 'इंग्लिश टीचर'ची. जोर इंग्लिशवर दिला तर इंग्रजी शिकवणारा, मग तो भोकरदनचा का असेना. जोर टीचरवर गेला तर इंग्लंडहून आलेला, तो भूगोल पण शिकवत असेल.

आणि रस्त्याच्या नावात एक गंमत आहे, 'स्ट्रीट' असलं की जोर आधीच्या शब्दावर, 'रोड' असलं की जोर रोडवर. आपल्याकडं गावोगाव स्टेशन रोड आहे, रिक्षात बसून म्हणून बघा. रिक्षावाला कसं पण म्हणलं तरी नेऊन सोडतो म्हणा.

प्रश्न: मला तीन दीर आहेत. 'ब्रदर-इन-लॉज' म्हणलं तर मुलगी हसते. (गृहिणी, हिंगोली)

ताई, 'ब्रदर्स-इन-लॉ' म्हणा. इथं शेवटच्या शब्दाला एस नाही, कारण वाढले ते ब्रदर, लॉ नाही. मदर्स-इन-लॉ, पासर्स-बाय पण असेच. दवाखान्यात दोन बाई डॉक्टर असल्या तर 'लेडी डॉक्टर्स', पण 'वुमन' हा शब्द घेतला तर दोन्हीकडं बदल करून 'विमिन डॉक्टर्स', हा अपवादातला अपवाद आहे. बाकी दीर, मेहुणा, दाजी सगळ्यांना मिळून तिकडं एकच ब्रदर-इन-लॉ, म्हणून लग्नपत्रिका इंग्रजीत काढणार असाल तर कोण कुणाचा कोण ते मराठीतच लिहा, नाहीतर मानपानाची भांडणं मांडवातच सुरू होतील. आणि चुलतभावाला 'कझिन ब्रदर' म्हणायची आपल्याकडची सवय आहे, गावात चालतं, परीक्षेत नुसतं 'कझिन' लिहायला सांगा मुलीला.