मेयोमध्ये ओळखी कशा होतात

आपल्या पत्नीला पश्चिम आयर्लंडमधील कॅसलबार येथे परिचारिकेची नोकरी मिळाली आहे, आणि मेयोसारख्या ग्रामीण काउंटीत लोक परक्याला सामावून घेतात का, असे आपण विचारले आहे. लोक बोलके आहेत. समोरून येणारा अनोळखी चालकही स्टिअरिंगवरचे एक बोट उचलून दखल घेतो. मात्र एवढ्यावरून घरी जेवायचे आमंत्रण येईल, अशी अपेक्षा ठेवू नये. येथे ओळख वाढते ती गावाच्या कामात, आणि तिथे आपण होऊन जावे लागते.

आपल्याला सर्वांत अवघड वाटेल ते अंत्यविधीला जाणे. स्थानिक मिडवेस्ट रेडिओवर निधनवार्ता वाचल्या जातात आणि लोक त्या कान देऊन ऐकतात. पार्थिव पुष्कळदा घरीच, उघड्या पेटीत ठेवलेले असते. मृताला आपण कधी पाहिलेले नसले, केवळ त्याचा मुलगा आपला सहकारी असला, तरीही जावे. रांगेने कुटुंबीयांशी हस्तांदोलन करावे, 'सॉरी फॉर युअर ट्रबल' एवढेच म्हणावे आणि चहा नाकारू नये. सुतकाच्या घरी चूल न पेटवण्याच्या रीतीत वाढलेल्यांना तिथले खाणे आणि मधूनच उठणारा हशा खटकतो. पण ती सँडविचेसुद्धा बहुधा शेजाऱ्यांनीच आणलेली असतात. कोण भेटून गेले, हे येथे वर्षानुवर्षे लक्षात राहते.

मुलाचे नाव गेलिक फुटबॉल या आयरिश खेळाच्या क्लबात घालावे. १८८४ साली स्थापन झालेल्या गेलिक अॅथलेटिक असोसिएशनचे खेळाडू हौशी असतात, अगदी अखिल आयर्लंड अंतिम सामन्यात उतरणाऱ्यालाही वेतन नसते, त्यामुळे गावोगावचे क्लब पालकांच्या श्रमावर चालतात आणि नेण्या-आणण्याला तयार असलेला पालक लगेच आपला होतो. मेयोच्या पुरुष संघाने १९५१ नंतर हे अजिंक्यपद जिंकलेले नाही. त्यावर विनोद त्यांनी करावा, आपण करू नये. शाळा मात्र बहुतेक कॅथलिक आहेत. धर्मशिक्षणातून मुलाला वगळण्याचा हक्क पालकांना आहे, पण दुसरीचा वर्ग फर्स्ट कम्युनियन या कॅथलिक मुलांच्या धर्मसंस्काराच्या तयारीत गुंततो तेव्हा आपले मूल थोडे एकटे पडते. जुलैच्या शेवटच्या रविवारी ७६४ मीटर उंचीच्या क्रो पॅट्रिक या पवित्र डोंगरावर यात्रेकरू चढतात, काही अनवाणी. वारी पाहिलेल्या माणसाला हे वेगळे समजावून द्यावे लागणार नाही.

सारेच गोड आहे, असे मी म्हणणार नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात डब्लिनमध्ये भारतीयांवर हल्ले झाले आणि आपल्या दूतावासाला सावधगिरीची सूचना काढावी लागली. मला येथे तसा अनुभव आला नाही. १८४५ च्या दुष्काळापासून पिढ्यानपिढ्या माणसे परदेशी गेलेल्या या काउंटीला घर सोडणे म्हणजे काय, ते ठाऊक आहे. माजी पंतप्रधान लिओ वराडकर यांचे घराणे मालवण तालुक्यातील वराडचे, हे सांगितले की गप्पा लांबतात.

गाडीवाचून मात्र यातले काहीच साधत नाही. भारतीय परवाना बदलून मिळत नसल्याने लेखी परीक्षेचा आणि शिकाऊ परवान्याचा अर्ज पोहोचताच करावा.